सहाव्या जागेवरचा बदल

बुलढाणा जिल्ह्यातला माणूस गावाचा पत्ता सांगताना आधी एक गोष्ट स्पष्ट करतो: गाव घाटावरचे की घाटाखालचे? सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाताना लागणारे दुसरबीड घाटावरचे. शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखालचे. रोगांची कारणे कशी शोधतात हे समजून घ्यायला हा जिल्हा चांगला आहे, कारण तीन निरनिराळ्या प्रकारची कारणे इथे शेजारी-शेजारी सापडतात.

२०२४ सरता सरता आणि २०२५च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या अनेक गावांत माणसांचे केस झपाट्याने गळू लागले. काहींना मोजक्या दिवसांत टक्कल पडले. आरोग्य विभागाने पाण्याचे नमुने घेतले, बुरशीचा संशय आला, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक येऊन गेले. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. त्याच घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथे मूत्रपिंडाचे दुखणे निघाले की लोक आधी विहिरीच्या पाण्याला दोष देतात.

केसगळतीच्या वेळी ती आनुवंशिक असेल असे मात्र कोणी म्हटले नाही, आणि ते बरोबरच होते. एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेली, सगळ्या जातींची आणि वयांची माणसे एकाच महिन्यात आजारी पडली, तर कारण बाहेरून आलेले असते. ते त्यांच्या ताटात, पाण्यात किंवा हवेत शोधायचे.

आता उलटे चित्र पाहा. एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्या, एकाच दुकानातून धान्य आणणाऱ्या दोन घरांपैकी एकाच घरात दुखणे आहे. त्या घरातही आई-वडील धडधाकट आहेत, चार भावंडांपैकी तिघे शाळेत जातात आणि चौथ्याचे हातपाय दर दोन महिन्यांनी असे दुखतात की तो खाटेवरून उठत नाही. डोळे पिवळे दिसतात म्हणून त्याला काविळीचा झाडपाला दिला जातो, सांधे दुखतात म्हणून वाताचे तेल चोळले जाते. पाणी तपासून इथे काही हाती लागत नाही. इथे नातेसंबंध तपासावे लागतात. विदर्भात असे मूल दिसले की जाणता डॉक्टर आधी एका आजाराचा विचार करतो: सिकलसेल. राज्याच्या सिकलसेल नियंत्रण कार्यक्रमात गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार यांच्याबरोबर बुलढाणा जिल्हाही आहे.

शिकागोतली काचपट्टी

या आजाराची वैद्यकातली पहिली नोंद १९१०ची. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला शिकागोत आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल हा तरुण वारंवार आजारी पडत होता. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तांबड्या पेशी गोल आणि मधे चपट्या असायला हव्यात. यातल्या काही लांबट, वाकड्या, विळ्याच्या पात्यासारख्या होत्या. आयर्न्सचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी ते निरीक्षण प्रसिद्ध केले. पेशी वाकड्या का, हे मात्र त्यांना सांगता आले नाही.

उत्तराला जवळपास चाळीस वर्षे लागली आणि १९४९ साली दोन बाजूंनी एकदम उजेड पडला. जेम्स नील आणि आफ्रिकेत काम करणारे बीट या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, वंशावळीतून दाखवले की आजारी मुलाचे आई आणि वडील दोघेही या दोषाचे वाहक असतात. त्याच वर्षी लायनस पॉलिंग, हार्वी इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमोग्लोबिनवर विजेचा प्रयोग केला. विद्युत क्षेत्रात रुग्णाचे हिमोग्लोबिन निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकत होते. वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकार मिसळलेले दिसले. पॉलिंग यांनी या आजाराला ‘रेणूचा आजार’ म्हटले. दोष पेशीत किंवा अवयवात न शोधता एका रेणूत शोधण्याची ही सुरुवात होती. आज विदर्भातल्या सरकारी प्रयोगशाळेत होणारी इलेक्ट्रोफोरेसिस ही चाचणी त्याच प्रयोगाची वंशज आहे.

वेगळेपण नेमके कुठे आहे, ते केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये शोधले. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची. तिच्यातल्या सहाव्या जागेवर ग्लुटॅमिक आम्ल असते, तिथे रुग्णांमध्ये व्हॅलिन निघाले. उरलेल्या १४५ जागा जशाच्या तशा. पुढे जनुकाची भाषा वाचता येऊ लागली तेव्हा कळले की अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा-ग्लोबिन जनुकात एका ठिकाणी ‘ए’च्या जागी ‘टी’ आल्याने हे होते.

एवढ्याशा बदलाने माणूस का कोसळतो? ग्लुटॅमिक आम्ल पाण्यात मिसळून राहते, व्हॅलिन पाण्यापासून दूर पळते. प्राणवायू सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनचे रेणू त्यामुळे एकमेकांना चिकटतात आणि लांब, ताठ दांड्या तयार होतात. पोत्यात पऱ्हाट्यांचा भारा कोंबला की पोते जसे टोकदार आणि वेडेवाकडे होते, तशी ती पेशी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. यालाच रुग्ण ‘क्रायसिस’ म्हणतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा ते वीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी पडते आणि फुटलेल्या पेशींतल्या रंगद्रव्यामुळे डोळे पिवळे होतात. यकृताच्या काविळीशी याचा संबंध नाही, त्यामुळे काविळीचे औषध इथे लागू पडत नाही. रक्त गाळणारी प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते आणि साधा न्यूमोनियाही मुलाच्या जिवावर बेततो.

दोन वाहकांचे गणित

विदर्भात लोक ‘एएस पॅटर्न’ आणि ‘एसएस पॅटर्न’ असे शब्द सहज वापरतात. प्रत्येकाकडे बीटा-ग्लोबिनच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. दोन्ही चांगल्या असतील तर एए. एक बदललेली असेल तर एएस, म्हणजे वाहक. दोन्ही बदललेल्या असतील तर एसएस, म्हणजे रुग्ण. वाहक शेतात राबतो, धावतो, म्हातारा होतो. बहुतेकांना आपण वाहक आहोत हे तपासणीशिवाय आयुष्यभर कळत नाही.

दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात एसएस मूल होण्याची शक्यता २५ टक्के, एएसची ५० टक्के आणि एएची २५ टक्के. यात एक मोठा गैरसमज आहे. पहिले मूल रुग्ण निघाले की घरात बोलले जाते, ‘आता पुढची तिन्ही चांगली होतील.’ तसे नाही. दुसऱ्या वेळीही शक्यता तेवढीच, तिसऱ्या वेळीही तेवढीच. वाहकाचे लग्न एए जोडीदाराशी झाले तर एकही मूल एसएस होत नाही. मात्र जोडीदार बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तर मुलाला सिकल-थॅलेसेमिया हा मिश्र आजार होऊ शकतो.

म्हणूनच गावात होणारी सोपी ‘सोल्युबिलिटी’ चाचणी पुरेशी ठरत नाही. या चाचणीत रक्ताचे काही थेंब एका द्रावणात टाकतात. ते द्रावण हिमोग्लोबिनमधला प्राणवायू काढून घेते. रक्तात सिकल हिमोग्लोबिन असेल तर नळी गढूळ होते आणि मागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. ही चाचणी फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते. एएस की एसएस ते सांगत नाही, थॅलेसेमियाही पकडत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. पहिले सहा महिने बाळाच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन जास्त असते, त्यामुळे त्या वयात सोल्युबिलिटी चाचणी फसवी ठरते. आजारही सहसा त्यानंतरच डोके वर काढतो.

मलेरियाने मागितलेली किंमत

इतका घातक बदल पिढ्यान् पिढ्या टिकला कसा? एसएस मुले पूर्वी मोठी होण्याआधीच दगावत. मग हे जनुक हळूहळू नाहीसे व्हायला हवे होते. याचे उत्तर १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतून दिले: एका एस प्रतीचा वाहक फाल्सिपेरम मलेरियाच्या गंभीर तडाख्यातून वाचतो. जिथे मलेरियाने लहान मुले पटापट मरत, तिथे एएस मुले मोठी झाली आणि त्यांनी एस प्रत पुढे नेली. त्याची किंमत एसएस मुलांनी मोजली.

नकाशावर हे चटकन दिसते. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, सातपुडा हा मलेरियाचा जुना जंगलपट्टा, आणि सिकलसेलचा पट्टाही तोच. गोंड, माडिया, कोरकू, भिल्ल, पावरा या आदिवासी समाजांत आणि विदर्भातल्या काही अनुसूचित जाती व इतर मागास समाजांत हे जनुक आढळते. याचा कोणत्याही जातीच्या ‘रक्ताच्या शुद्धते’शी काही संबंध नाही. ज्यांचे पूर्वज मलेरियाच्या प्रदेशात राहिले आणि ज्यांची लग्ने समाजातल्या समाजात झाली, त्यांच्यात हे जनुक साठले. भूमध्य समुद्राकाठच्या ग्रीक आणि इटालियन लोकांतही ते आहे.

भारतात त्याचा पहिला पुरावा १९५२ मध्ये निलगिरीत मिळाला. हर्मन लेहमान आणि मारी कटबुश यांना तिथल्या आदिवासींच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी आढळल्या. सहा वर्षांनी, १९५८ मध्ये, नागपूरहून शुक्ला आणि सोलंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकल वाहकांबद्दल लिहिले. तेव्हापासून विदर्भ या संशोधनाच्या नकाशावर आहे.

नागपूरने विचारलेला प्रश्न

सगळ्या रुग्णांमध्ये बदल एकच, सहाव्या जागेवरचा. मग आजारही सारखाच असायला हवा. प्रत्यक्षात एक रुग्ण पन्नाशी गाठतो आणि दुसरा पाचव्या वर्षी जातो. जनुक सापडल्यावर संशोधन संपते असे वाटते. सिकलसेलच्या बाबतीत अवघड प्रश्न तिथून पुढे सुरू झाले.

१९८६ मध्ये कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी बीटा-ग्लोबिनच्या शेजारचा डीएनए तपासला आणि भारत व सौदी अरेबियाचा पूर्व भाग इथल्या रुग्णांमध्ये एक वेगळा नमुना दाखवला. त्याला ‘अरब-भारतीय हॅप्लोटाइप’ म्हणतात. हा बदल आशियात स्वतंत्रपणे झाला असावा, असा त्यातून निष्कर्ष निघाला. २०१८ मध्ये श्रायनर आणि रोटिमी यांनी संपूर्ण जनुकसंचाच्या आधारे उलट मांडणी केली: बदल एकदाच, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी झाला आणि पुढे पसरला. हा वाद अजून मिटलेला नाही. अरब-भारतीय नमुन्याच्या रुग्णांत गर्भातले हिमोग्लोबिन मोठेपणीही बरेच शिल्लक राहते आणि ते दांड्या तयार होऊ देत नाही, यावर मात्र दुमत नाही. त्यामुळे ‘भारतातला सिकलसेल सौम्य असतो’ असे बरीच वर्षे मानले जात होते.

नागपूरच्या वॉर्डांतला अनुभव वेगळा होता. मुंबईच्या राष्ट्रीय रुधिर-प्रतिकारशास्त्र संस्थेतल्या डॉ. रोशन कोलाह आणि सहकारी, तसेच नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन यांच्या कामातून दिसले की हॅप्लोटाइप तोच असला तरी गुजरातच्या वलसाड भागातल्या आदिवासी रुग्णांचा आजार बहुधा हलका आणि नागपूर भागातल्या अनेक मुलांचा तीव्र असतो. याचे एक कारण दुसऱ्या जनुकात आहे. अल्फा थॅलेसेमियाचे जनुक सोबत असेल तर पेशीत हिमोग्लोबिन कमी दाटते आणि आजार निवळतो. ते आदिवासी समाजांत जास्त प्रमाणात सापडते. म्हणजे एका जनुकाचा म्हणून शिकवला जाणारा आजारही किती त्रास देईल, हे इतर जनुके, संसर्ग, पोषण आणि दवाखान्याचे अंतर मिळून ठरवतात.

औषधाचा प्रश्नही नागपूरला वेगळ्या पद्धतीने सोडवावा लागला. हायड्रॉक्सीयुरिया हे मूळचे रक्ताच्या कर्करोगावरचे औषध गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत त्याने क्रायसिसचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आणले. तिथे रक्ताचे अहवाल पुन्हा पुन्हा पाहत मात्रा सहन होईल तिथपर्यंत चढवत नेतात. दुर्गम खेड्यातल्या मुलाला दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायला आणणे अवघड असते. डॉ. जैन यांच्या गटाने किलोमागे १० मिलिग्रॅम ही ठरलेली कमी मात्रा वापरून पाहिली आणि तिचाही स्पष्ट फायदा दिसला. गर्भातले हिमोग्लोबिन आधीच जास्त असलेल्या रुग्णांनाही ते औषध उपयोगी पडते, हेही या अभ्यासांतून कळले.

यादीत कुठेच नसलेला आजार

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८०च्या दशकात गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले, तेव्हा त्यांनी सुरुवातीलाच सिकलसेलचे सर्वेक्षण केले आणि जिल्ह्यात हे जनुक मोठ्या प्रमाणात असल्याचे दाखवले. वैज्ञानिकदृष्ट्या काम चोख होते. पण लोकांना त्यात रस नव्हता. गावकऱ्यांच्या अडचणींच्या यादीत सिकलसेल नव्हताच. बंग यांनी हा अनुभव पुढे जाहीरपणे अनेकदा सांगितला आणि त्यानंतर लोकांना विचारून संशोधनाचे विषय ठरवायला सुरुवात केली.

हा प्रसंग महत्त्वाचा आहे तो वेगळ्या कारणासाठी. लोकांना आजार माहीत नव्हता असे नाही. मूल रडत होते, मरत होते. पण त्याला ‘सिकलसेल’ असे नाव नव्हते आणि नाव कळूनही हातात काही पडत नव्हते. ज्या निदानानंतर उपचार नाहीत ते ऐकून घेण्यात कोणाला रस असेल? पुढच्या काळात नागपुरात सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाचे संपत रामटेके यांनी रुग्ण आणि पालकांना एकत्र आणून सरकारकडे मागण्या मांडल्या. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे.

त्याच वर्षाच्या शेवटी जगाने आणखी एक टप्पा पाहिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने ‘कॅसजेव्ही’ या क्रिस्पर नावाच्या जनुक-संपादन तंत्राच्या उपचाराला मान्यता दिली. यात रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी बाहेर काढतात. ‘बीसीएल११ए’ हे जनुक जन्मानंतर गर्भातले हिमोग्लोबिन बंद करते. त्या जनुकाचे तांबड्या पेशींतले नियंत्रण तोडतात आणि पेशी परत शरीरात सोडतात. सहाव्या जागेला हातही न लावता गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा वाहू लागते. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. शिवाय त्याआधी जबर केमोथेरपी लागते. दिल्लीतली सीएसआयआरची जीनोमिक्स संस्था स्वस्त भारतीय पर्यायावर काम करत आहे.

विदर्भातल्या मुलाला उद्या वाचवणाऱ्या गोष्टी याहून कितीतरी साध्या आहेत. १९८६ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत लहान एसएस मुलांना रोज पेनिसिलिन दिल्याने जिवावर बेतणारे न्यूमोकोकस जिवाणूचे संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले. त्यासाठी मूल एसएस आहे हे पहिल्या काही महिन्यांतच कळायला हवे. नवजात तपासणी, पेनिसिलिन, न्यूमोकोकसची लस, फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी, थंडीपासून जपणे आणि हायड्रॉक्सीयुरिया: जनुकाला धक्का न लावता एवढ्याने बराच फरक पडतो.

सोयरीक आणि सावधपणा

दुसरबीडमध्ये जंगल नाही, डोंगर नाही. कपाशी आणि सोयाबीनची राने आहेत. तिथल्या वाचकाला वाटेल, हा आपला आजार नव्हे. पण सोयरिकी मलेरियाचा नकाशा पाहून होत नाहीत. सून वाशीम-यवतमाळहून येते, लेक अमरावती-नागपूरकडे दिली जाते, कामासाठी कुटुंबे पुण्या-मुंबईला जातात. वाहकाला कसलाच त्रास नसतो, म्हणून जनुकाचा हा प्रवास कोणाच्या लक्षात येत नाही. आते-मामे भावंडांच्या लग्नाची चाल जिथे आहे, तिथे दोघांनी एकाच आजी-आजोबांकडून तीच प्रत घेतलेली असण्याची शक्यताही वाढते.

तपासणीचे कार्ड हाती आल्यावर खरी कसोटी लागते. वाहक मुलीचा अहवाल लपवला जातो, वाहक मुलाचा मात्र फारसा विचारलाही जात नाही. रुग्ण मूल जन्मले की दोष आईच्या माथी येतो. जनुकशास्त्र या बाबतीत अगदी स्पष्ट आहे: एसएस मुलाची एक प्रत आईची आणि एक वडिलांची असते, दोघांचा वाटा नेमका सारखा. वाहकाने लग्न करू नये असेही ते सांगत नाही. दोघेही वाहक असतील, तर निर्णय घेण्याआधी हे दोघांना माहीत असावे, एवढेच ते सांगते. लग्न झालेलेच असेल तर गरोदरपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा अंश तपासून गर्भाचे निदान करता येते. पुढे काय करायचे हा निर्णय त्या जोडप्याचा असतो. रुग्ण मूल औषधांनी शिकते, नोकरी करते, संसार करते, हेही त्यांना सांगणे समुपदेशकाचे कामच आहे.

सिकलसेलच्या बाबतीत संशोधकांचे नशीब चांगले होते: एक जनुक, त्यातली एक जागा आणि सूक्ष्मदर्शकात दिसणारा परिणाम. एवढी स्वच्छ साखळी हाती असूनही काचपट्टीपासून हायड्रॉक्सीयुरियापर्यंत पोहोचायला ८५ वर्षे लागली आणि गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत यायला आणखी काही. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांच्या मागे एक जागा नाही. शेकडो जागा आहेत आणि प्रत्येकीचा वाटा किरकोळ. त्यात आईच्या पोटातल्या पोषणाची भर पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवतींचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा सुरू केला. वजनाला हलकी पण अंगात चरबीचे प्रमाण जास्त असलेली बाळे त्यांना दिसली, आणि ‘पाणी, अन्न की रक्त’ हा प्रश्नच नव्याने मांडावा लागला. पुढचे प्रकरण या बाळांबद्दल आहे.